कारल्याचा वेल ‘नर’ निघत नाही

“मांडवभर वेल पसरला, फुलंही मोप लागली, पण कारलं एक धरलं नाही. वेल नर निघाला, उपटून टाकला.” धाराशिव-तुळजापूरकडे परसात कारलं लावणाऱ्यांच्या तोंडून हे ऐकलं की वाईट वाटतं. तो वेल आणखी आठ-दहा दिवस ठेवला असता तर बहुधा घरची भाजी मिळाली असती.

हा समज कुठून आला, ते कळतं. पावसाळ्यात झुडपांवर चढणाऱ्या कर्टुल्याचा वेल खरोखरच नर किंवा मादी असतो आणि नर वेलाला फळ कधीच येत नाही. कारलं कर्टुल्याचंच भावंड, पण त्याची रीत निराळी. त्याच्या एकाच वेलावर दोन्ही फुलं येतात. आधी नर फुलं उमलतात, नुसत्या बारीक देठावर. मादी फुलं मागाहून येतात आणि त्यांच्या पाकळ्यांखाली इवलंसं खरबरीत कारलं तेव्हाच दिसतं. एका मादी फुलामागे दहा-पंधरा नर फुलं असणं नेहमीचंच आहे. ऊन तापलं की नर फुलं आणखी वाढतात आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. म्हणून उन्हाळी बी जानेवारी-फेब्रुवारीत टोकावं, पावसाळी जून-जुलैत.

मादी फूल आलं तरी पुढचं काम मधमाशीचं. फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी कोमेजतं. गच्चीवर माशा फिरकत नसतील तर सकाळी नऊच्या आत ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि आतले पिवळे केसर मादी फुलाच्या मध्यावर हलकेच घासा. पंधरा दिवसांत कारलं तोडायला येतं.

भोंडला म्हणा, हादगा म्हणा, त्यातल्या गाण्यातल्या सुनेला सासू कारल्याचं बी पेरण्यापासून एकेक अट घालते आणि माहेर लांबणीवर टाकते. प्रत्यक्षात बी टोकल्यापासून पहिल्या तोड्याला 55 ते 60 दिवस लागतात. त्या सुनेने किती वाट पाहिली असेल, हे स्वतः वेल लावल्यावर समजतं.

कडुनिंबावर चढवलेलं कारलं जास्त कडू होतं, हेही खरं नाही. कडूपणा वेल स्वतःच तयार करतो, आधाराच्या झाडातून तो उतरत नाही. तुराट्यांची ताटी किंवा सुतळीचे ताणे पुरतात. कारल्याला माळरान चालतं आणि काळी जमीनही, फक्त मुळाशी पाणी साचू देऊ नये. बियांचं कवच जाड असतं, त्या रात्रभर कोमट पाण्यात भिजवाव्यात. कुंडी लहान नको. पंधरा-वीस लिटरची, तळाला भोकं पाडलेली बादली चांगली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे ‘हिरकणी’ आणि ‘फुले ग्रीन गोल्ड’ हे वाण राज्यात माहितीचे आहेत. संकरित वाणाचं बी मात्र घरी धरू नये, पुढच्या वेलावर तशी फळं येत नाहीत.

कोवळी कारली पिवळी पडून वाकडी होतात, गळतात, तेव्हा घरात ‘नजर लागली’ असं म्हणतात. कारलं चिरून पाहा, आत अळ्या असतील. ही फळमाशी. किडलेली फळं वेलाखाली टाकू नका, खोल पुरा. फळ धरलं की त्यावर कागदी पिशवी बांधा, फळमाशीला ओढणारा क्यू-ल्यूरचा सापळा टांगा. तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात असं फळ नेऊन दाखवता येतं.

आता औषधाकडे येऊ, कारण इथला गैरसमज भाजीपुरता राहत नाही. ‘कडू गोडाला मारतं’ या समजुतीने लोक जेवणात गोड खातात आणि सकाळी अनशापोटी कारल्याचा रस पितात. जिभेवरची चव आणि रक्तातली साखर यांचा असा हिशेब नसतो. कारल्यात साखरेवर परिणाम करणारी द्रव्यं आहेत, हे खरं. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातही कारल्याला ज्वर, कृमी आणि मेहावर उपयोगी म्हटलं आहे. पण 2012 मध्ये कॉक्रन या संस्थेने माणसांवरचे चार प्रयोग, एकूण 479 रुग्णांचे, एकत्र तपासले. कारल्याने मधुमेह आटोक्यात येतो असं म्हणायला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही.

उलट धोका आहे. साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना कारल्याचा रसही नेमाने घेतला तर साखर एकदम उतरू शकते: घाम, थरथर, भोवळ. गरोदर बाईने रस घेऊ नये. ज्यांना जी-6-पीडी या विकराची कमतरता आहे त्यांनी तर बियांपासून दूरच राहावं.

आणखी एक गोष्ट जिवाशी गाठ आहे म्हणून सांगतो. कारल्याच्या सवयीने ‘कडू म्हणजे औषधी’ असं धरून काही जण कडू लागलेला दुधीचा रसही पितात. तो विषारी असतो आणि त्याने आपल्या देशात मृत्यू झाले आहेत. दुधी कडू लागला की टाकूनच द्यावा.

मीठ लावून पिळल्यावर कारल्यात काही उरत नाही, ही भीतीही सोडा. थोडं क जीवनसत्त्व पाण्यासोबत जातं, पण कच्च्या 100 ग्रॅम कारल्यात ते सुमारे 80 मिलिग्रॅम असतं, आणि चोथा तसाच राहतो. शेंगदाण्याचा कूट, चिंच आणि किंचित गूळ घालून भरलेलं कारलं घरातली मुलं खातात. कुणी न प्यायलेल्या रसापेक्षा ते कितीतरी बरं.

तिशी ओलांडलेल्यांची साखर सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासतात. जाऊन तपासून या. कारलं पिकवा, आवडीने खा, पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय चालू गोळी एक दिवसही बंद करू नका.