औंढ्याचा साग उन्हाळ्यात वाळतो का?

हिंगोलीहून सुमारे २५ किलोमीटरवर औंढा नागनाथ आहे. शाळेची सहल देवळापर्यंत जाते. भोवतालच्या डोंगरात मात्र आपण क्वचितच शिरतो. एप्रिलमध्ये तिथला साग निष्पर्ण दिसतो. तो वाळला का? नाही. फांदीच्या टोकाशी कोंब शाबूत असतात. पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून पाणी वाफ होऊन निघून जाते. बेसाल्टच्या कातळावर मातीचा थर पातळ, त्यात ओल थोडी. म्हणून झाड पानेच गाळून टाकते. हा पाचोळा कुजून मातीत मिसळतो व पावसाचे पाणी धरून ठेवतो. तो पेटवला, तर पावसाळ्यात उघडी माती वाहून जाते. आपण मुलांना एकाच वाटेने एप्रिलमध्ये आणि ऑगस्टमध्येही नेऊ या. फरक तीच सांगतील.