कुऱ्हाडीआधीचा प्रश्न

झाड ज्याच्या जमिनीत उभे असेल त्याच्या मालकीचे, आणि मालकीच्या वस्तूचे काय करावयाचे ते मालकाने ठरवावे, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. कर्जत तालुक्यातील कडावच्या परिसरात भातखाचरांच्या बांधांवरील ऐन, आंबे आणि जांभळी पाहिल्या म्हणजे ही समजूत स्वाभाविकही वाटते. ज्याचा बांध, त्याचे झाड. कायद्याची भूमिका मात्र निराळी आहे. मालकी हा एक हक्क आणि तोडण्याची मुभा हा दुसरा. पहिला असला म्हणजे दुसरा आपोआप मिळतो असे नाही.

ग्रामीण भागासाठी १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीत सोळा नावे आहेत : हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी. यांपैकी कोणतेही झाड, ते स्वतःच्या शेतातील असले तरी, वृक्ष अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीवाचून तोडता येत नाही. झाड मेलेले, रोगट किंवा वाऱ्याने पडलेले असेल, जीवितास वा मालमत्तेस धोका असेल, अथवा रहदारीस अडथळा होत असेल, तर परवानगी मिळण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. म्हणजे कायदा तोडू नका असे सरसकट म्हणत नाही. आधी विचारा, एवढेच म्हणतो.

परंतु विचारायचे कोणाला, हाच प्रश्न सोपा राहिलेला नाही. कडावच्या बांधावरील आंब्याला १९६४ चा कायदा लागतो. थोड्या अंतरावरच्या कर्जत वा खोपोलीच्या नगरपालिका हद्दीत तोच आंबा असता तर १९७५ चा नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा अधिनियम लागला असता. त्यात वृक्ष प्राधिकरण आहे, जाहीर सूचना व हरकती आहेत, आणि तोडण्याच्या व्याख्येत झाडाला इजा पोहोचविणेही येते. जमीन माथेरानच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात येत असेल, तर २००३ च्या केंद्रीय अधिसूचनेचे निर्बंध लागतात. सातबाराच्या इतर हक्कांत खासगी वनाची नोंद असेल, तर १९७५ च्याच खासगी वने संपादन कायद्याचा प्रश्न उभा राहतो. आणि खातेदार ठाकूर वा कातकरी समाजाचा असेल, तर १९६९ च्या कायद्यानुसार त्याला झाड परस्पर व्यापाऱ्यास विकताच येत नाही. ती विक्री जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावी लागते. झाड कोणत्या जातीचे, जमीन कोणत्या हद्दीतील आणि खातेदार कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याखेरीज कुऱ्हाड उचलणे धोक्याचे आहे.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे एक साधा हिशेब दिसतो. नियम पाळण्याचा खर्च आणि मोडण्याचा खर्च यांची तुलना माणूस मनातल्या मनात करीतच असतो. १९६४ च्या कायद्याखालील दंडाची कमाल मर्यादा अनेक दशके एक हजार रुपयेच होती. इमारती लाकडाचे भाव कितीतरी पटींनी चढले, दंड जागचा हलला नाही. याउलट विचारण्याचा खर्च वाढतच गेला : सातबारा काढणे, तालुक्याच्या फेऱ्या, पाहणीची प्रतीक्षा आणि बुडालेला रोज. दंड इतका स्वस्त झाला की ती शिक्षा उरत नाही, परवान्याची फी होते. ठेकेदार ती आधीच खर्चात धरतो आणि लाकूड वखारीत पोहोचते. नियम पाळू इच्छिणारा लहान शेतकरी मात्र तालुक्याच्या वाटेवर राहतो.

यात सर्वांत जास्त नुकसान कोणाचे होते? पावसाळ्याच्या तोंडावर हातात पैसा नसलेल्या आदिवासी खातेदाराचे. बाजारभाव ठाऊक नसलेला विक्रेता आणि तो पुरता ठाऊक असलेला खरीददार यांच्यातील सौदा बरोबरीचा नसतो. म्हणूनच १९६९ चा कायदा करावा लागला. त्याला बगल देणारा व्यवहार झाडाबरोबर त्या कुटुंबाची मिळकतही मातीमोलाने नेतो.

निर्बंधांनी झाडे वाचत नाहीत, उलट लोक लावणेच सोडून देतात, असा एक आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. २०१७ मध्ये वनक्षेत्राबाहेरील बांबू भारतीय वन अधिनियमातील वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला, तो याच विचाराने. राबासाठी ऐनाच्या फांद्या छाटणाऱ्या कोकणी शेतकऱ्याला आणि बुंध्याला करवत लावणाऱ्या व्यापाऱ्याला एकाच तागडीत तोलणेही अन्यायाचे आहे. राबाचे हे गाऱ्हाणे ठाणे व कुलाबा जिल्ह्यांच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये नेमलेल्या वन आयोगापुढेही आले होते. पण लागवडीचा बांबू पुन्हा काही वर्षांत उभा राहतो. बांधावरचा जुना आंबा तोडला तर तोडणाऱ्याच्या हयातीत त्याची जागा भरून निघत नाही.

हा विचार आपल्या मातीला परका नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात हेच तारतम्य सांगितले आहे. आरमारास लाकूड हवेच. परंतु रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंबा-फणसांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन घ्यावे. प्रत्यक्ष राज्यसत्तेवरही तोडण्यापूर्वी विचारण्याचे बंधन होते.

तेव्हा आज करावयाचे काय? दंड वाढविणे हा अर्धा उपाय झाला. उरलेला अर्धा म्हणजे विचारणे स्वस्त करणे. सोळा झाडांची यादी आणि परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचा पत्ता प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर असावा. खातेदाराच्या जमिनीवर कोणते निर्बंध आहेत हे तलाठ्याने एका कागदावर लिहून द्यावे. शाळांनी आपल्या गावातील अनुसूचित झाडांची नोंदवही विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावी. भूगोलाचा तो उत्तम पाठ होईल. आणि शहरातून येऊन येथे जमीन घेणाऱ्यांनी, तसेच करवत घेऊन येणाऱ्या मजुरांच्या मुकादमांनी, कामाला हात घालण्यापूर्वी लेखी परवानगी स्वतःच्या डोळ्यांनी पाहावी. मालकाने तोंडी दिलेला भरवसा त्यासाठी पुरेसा नाही.

परवानगी नंतर मागता येते, दंड नंतर भरता येतो, चूकभूल नंतर देता-घेता येते. तोडलेला ऐन मात्र नंतर उभा करता येत नाही. म्हणून विचारायचे ते आधीच विचारले पाहिजे.