खेळणाऱ्यापेक्षा गेम वयाने मोठा

लातूरच्या क्लासेसच्या भागात किंवा नांदेडच्या एखाद्या वसतिगृहात कुणाच्या जुन्या लॅपटॉपवर आज ‘क्रिकेट ०७’ चालू असेल, तर खेळणारा पोरगा बहुधा त्या गेमपेक्षा लहान असतो. ईए स्पोर्ट्सचा हा गेम नोव्हेंबर २००६मध्ये बाजारात आला. आता ‘नीट’च्या तयारीला लागलेली बहुतेक मुले त्यानंतर जन्मली. त्यामुळे ‘बालपणीच्या आठवणींसाठी लोक जुने गेम खेळतात’ हे ठरलेले उत्तर इथे पुरत नाही.

सरळ कारण यंत्राचे आहे. थोरल्याकडून धाकट्याकडे आलेल्या लॅपटॉपमध्ये बहुधा वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. २००२चा ‘जीटीए व्हाइस सिटी’ एक जीबीच्या आत मावतो. २०१५मध्ये संगणकावर आलेल्या ‘जीटीए फाइव्ह’लाच ६५ जीबी लागले आणि आता कित्येक गेम शंभरीपार गेले आहेत. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर शंभर जीबी उतरवायचे तर पन्नास दिवस हवेत, तेही क्लासचे व्हिडिओ न बघता. जुना गेम मित्राच्या पेनड्राइव्हवरून येतो आणि लगेच सुरू होतो.

पण चांगला लॅपटॉप हाती आला तरी जुने गेम सुटत नाहीत, कारण ते कुणी काढून घेऊ शकत नाही. सप्टेंबर २०२०मध्ये केंद्र सरकारने ‘पबजी मोबाइल’वर बंदी घातली, फेब्रुवारी २०२२मध्ये ‘फ्री फायर’वर. ‘पबजी’चा भारतीय अवतार ‘बीजीएमआय’ जुलै २०२२मध्ये गायब झाला आणि मे २०२३मध्ये परतला. बंदीमागे सुरक्षेची कारणे होती. खेळणाऱ्याला मात्र पैसे मोजून घेतलेल्या स्किन आणि रात्री जागून मिळवलेली रँक यांवर निदान काही काळ तरी पाणी सोडावे लागले. सरकारच आड येते असेही नाही. युबीसॉफ्टने २०१४चा ‘द क्रू’ हा गेम मार्च २०२४मध्ये सर्व्हर बंद करून संपवला. विकत घेणाऱ्यांनाही तो खेळता येईना. सर्व्हरवरचा गेम म्हणजे भाड्याची खोली: मालक म्हणाला की गाशा गुंडाळायचा.

जुन्या गेममध्ये मात्र खिळे ठोकायची मुभा असते. ‘क्रिकेट ०७’मध्ये परवाना मुख्यतः इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचा होता, भारतीय खेळाडूंची नावे बदललेली होती. आयपीएल तर सुरू झाली २००८मध्ये. ईएने त्यानंतर संगणकासाठी क्रिकेटचा नवा गेम काढलाच नाही. मग चाहत्यांनी स्वतः पॅच बनवले: खरी नावे, नवे संघ, नव्या जर्सी, नवी मैदाने. पॅच मारला की जुन्याच गेममध्ये यंदाची आयपीएल उभी राहते. कंपनी आता हा गेम विकत नाही, त्यामुळे हातोहात फिरणाऱ्या प्रती अधिकृत नसतात, हेही खरे.

जुने ते सगळे सोने, असा मात्र याचा अर्थ नाही. त्या काळातही टाकाऊ गेम निघतच होते. ते विसरले गेले आणि वीस वर्षांच्या चाळणीतून चांगले तेवढे उरले. नव्या गेमला अजून ती चाळणी लागायची आहे, आणि किंमत मात्र पहिल्याच दिवशी हजारांत असते.

शिवाय तयारीला बसलेल्या पोराकडे वेळ मोजका असतो. ‘क्रिकेट ०७’मधला पाच षटकांचा सामना जेवणाच्या सुट्टीत निकालासह संपतो. तेवढ्या वेळात नव्या गेमचा अपडेटही उतरून होत नाही.