पॅकअप झाल्यावर

ग्वाल्हेरमध्ये कुणी जरा विचित्र वागला की आजूबाजूचे हसत म्हणतात, ‘इसको आगरा भेजो.’ शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांतही हा विनोद हिंदीतच होतो. खरं तर मनोरुग्णालयासाठी सव्वाशे किलोमीटर जायची गरज नाही, कारण संस्थानी काळातली मानसिक आरोग्यशाला ग्वाल्हेरातच आहे. रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर या तीन संस्थांवर देखरेख ठेवा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला सांगितलं, यावरून तिथल्या तेव्हाच्या परिस्थितीची कल्पना यावी. आणि याच गावाला २०२३ मध्ये युनेस्कोने संगीताचं शहर म्हणून मान दिला. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी जिथून ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली ते हे गाव. मात्र गाणं आणि आरोग्यशाला यांचा एका वाक्यात उल्लेख इथे सहसा होत नाही. गायकाचा आवाज बसला तर वैद्य शोधतात, मन बसलं तर ‘रियाज वाढव’ म्हणतात.

कलावंताच्या मनाची विचारपूस कुणी करायची? चित्रपट-मालिकांच्या धंद्यात अलीकडे हा प्रश्न उघडपणे विचारला जातो. ब्रिटनसारख्या ठिकाणी चित्रीकरणाच्या जागी कलाकार-तंत्रज्ञांच्या मनाची काळजी घेणारी माणसं नेमली जाऊ लागली आहेत, आणि त्यांतले काहीजण आधी स्वतः याच धंद्यात होते. आपल्याकडे असं पद क्वचितच दिसतं. तरी अभिनय आणि मानसोपचार अशा दोन्ही घरचा पाहुणचार घेतलेला एक माणूस मराठीत कधीचा आहे: डॉ. मोहन आगाशे.

पुण्याच्या रंगभूमीवर डॉक्टरांची कमतरता कधीच नव्हती. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे, जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. लागूंनी पुढे दवाखाना सोडून नाटक धरलं. आगाशे मात्र दोन्हीकडे राहिले. १९४७ चा जन्म, मूळ गाव भोर, शिक्षण पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात, विषय मानसोपचार. १९७२ मध्ये जब्बार पटेल दिग्दर्शित ‘घाशीराम कोतवाल’मध्ये ते नाना फडणवीस झाले तेव्हा पंचविशीत होते. संध्याकाळी रंगमंचावर तो धूर्त, विलासी नाना आणि दिवसा रुग्णांसमोर शांत बसायचं. मला यात विरोध दिसत नाही. दोन्हीकडे काम एकच, समोरचा काय बोलत नाहीये ते ऐकणं. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर ढिगाऱ्यातून वाचलेल्यांच्या मनाकडे पाहण्याच्या कामात ते होते. पुढे १९९७ ते २००२ पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे संचालक. म्हणजे डॉक्टर थेट चित्रपट शिकणाऱ्या पोरांच्या वसतिगृहाशेजारी जाऊन बसला.

सुमित्रा भावे उलट्या दिशेने आल्या. त्या समाजशास्त्राच्या अभ्यासक. बायकांच्या जगण्याबद्दल लिहिलेले अहवाल त्या बायकांपर्यंतच पोचत नाहीत, हे लक्षात आल्यावर १९८५ मध्ये त्यांनी ‘बाई’ हा लघुपट केला. सुनील सुकथनकरांबरोबरचा ‘देवराई’ (२००४) स्किझोफ्रेनियावर आहे. त्यात अतुल कुलकर्णींनी केलेला आजारी माणूस हा हिंदी सिनेमातला केस पिंजारलेला ‘पागल’ नव्हे. त्याच्याबरोबर त्याच्या बहिणीचीही फरफट होते, आणि चित्रपट तिच्याकडेही तितकंच पाहतो. आगाशेही भावे-सुकथनकरांच्या चित्रपटांत आले. ‘अस्तु’मध्ये त्यांनी स्मृती हरवत चाललेले संस्कृतपंडित चक्रपाणिशास्त्री केले. ‘कासव’ नैराश्यावरचा. आगाशे त्याचे सहनिर्माते होते, आणि त्याला २०१६ च्या सर्वोत्कृष्ट भारतीय चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्यात एका कोलमडलेल्या तरुणाला जानकी घरी आणते आणि प्रश्नांची सरबत्ती करत नाही. मदत करणाऱ्याने सगळ्यात आधी शिकायचं ते हेच. आणि आपल्या घरांत नेमकं हेच जमत नाही. ‘काय झालं, काय झालं’ करून आपण आजाऱ्यालाच दमवतो.

हे झालं पडद्यावरून प्रेक्षकाला मदत करण्याबद्दल. पडद्यामागच्या माणसाचं काय? मालिकेतल्या नटीचं उदाहरण घ्या. बारा-तेरा तासांची शिफ्ट, मधल्या काळात दोनदा हंबरडा, तोही वेगवेगळ्या कोनांतून चार-चार वेळा. रडणं खोटं असलं तरी श्वास, छातीची धडधड आणि घसा खरेच असतात. दिग्दर्शक ‘पॅकअप’ म्हणतो, गाडी येते, घरी पोचेपर्यंत मध्यरात्र. संगीत नाटकात आरंभाला नांदी आणि शेवटी भरतवाक्य असायचं. नट भूमिकेतून उतरून प्रार्थनेत उभा राहायचा. ते काही उपचार म्हणून नव्हतं, पण भूमिका संपल्याचं त्याला कळत तरी असेल. चित्रीकरणाला भरतवाक्य नाही.

नाट्योपचारात यावर साधे उपाय आहेत. भूमिकेचे कपडे स्वतः, सावकाश उतरवायचे. आपलं नाव मोठ्याने घ्यायचं. ‘ती’ आणि ‘मी’ यांत काय वेगळं आहे ते दोन वाक्यांत सांगायचं. पाणी प्यायचं, चालायचं. बाहेरच्या माणसाला हे पोरकट वाटेल. म्हणूनच ते सांगायला तालमीत घाम गाळलेला माणूस लागतो. कोट-टाय घातलेल्या सल्लागाराने हेच सांगितलं तर युनिट चहाला निघून जाईल. पण एक खबरदारी हवी. तालीम ठाऊक असणं म्हणजे उपचार येणं नव्हे. आगाशेंनी मानसोपचाराची पदवी घेतली, भाव्यांनी समाजशास्त्राची शिस्त घेतली. चार कार्यशाळा करून ‘हीलर’ झालेल्यांचं पीक सध्या जोरात आहे. झोप उडालेल्या, जीव नकोसा झालेल्या माणसाला डॉक्टरकडे पोचवणं, एवढंच कधीकधी सहकलाकाराचं काम असतं.

पैशाचा भाग कुणी फारसा बोलत नाही. मानसिक आजारालाही शरीराच्या आजारासारखंच विम्याचं संरक्षण द्यावं, असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. रोजंदारीवरच्या मेकअपदादाकडे मुळात विमाच नसतो. मालिका एका शुक्रवारी बंद होते, मागचे पैसे तीन महिन्यांनी येतात. अशा माणसाला ‘मन मोकळं कर’ म्हणण्याआधी त्याचा हिशोब वेळेवर करावा. मानसिक आरोग्याच्या चर्चेत निर्मात्यांना हे ऐकायला फारसं आवडत नाही.

ग्वाल्हेरात आता राजा मानसिंह तोमर विद्यापीठात संगीत आणि नाटक शिकणारी पोरं आहेत. त्यांतली काही मुंबईची गाडी पकडतील. त्यांना ताल, राग, अभिनय सगळं शिकवून धाडतात. जाण्यापूर्वी एकदा आरोग्यशालेतल्या कुणी डॉक्टरने त्यांच्या तालमीला येऊन मागच्या रांगेत बसावं, आणि पोरांनीही एकदा तिथला बाह्यरुग्ण विभाग पाहून यावा. दोघांत अंतर फारसं नाही. तोवर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा फुकट, चोवीस तास चालणारा क्रमांक मेकअपच्या खोलीत आरशाशेजारी लिहून ठेवता येईल, जिथे कॉलशीट चिकटवतात तिथेच.