उन्हाळी प्रवास आणि इन्शुलिनची कुपी

आमच्या तळोद्याकडे वैशाख हा एकाच वेळीं उन्हाचा आणि लग्नांचा महिना. उत्तरेस सातपुड्याची तापलेली रांग, दक्षिणेस आटत चाललेलें तापीचें पात्र, आणि मधल्या पट्ट्यांत पारा चाळीस अंशांच्या वर चढून दिवसचे दिवस तेथेंच मुक्काम करतो. नेमक्या याच दिवसांत वऱ्हाडें निघतात. तापी ओलांडून नंदुरबार गांठावयाचें आणि तेथून सुरत-भुसावळ लोहमार्गानें पूर्वेस किंवा पश्चिमेस जावयाचें. ज्या घरांत कोणी मधुमेही असून त्यास रोज इन्शुलिन टोचून घ्यावें लागतें, त्या घरांत सामान बांधतांना एक प्रश्न हमखास निघतो: ही कुपी एवढ्या उन्हांत न्यावयाची कशी? कोणी या भीतीनें जाण्याचा बेतच रहित करतात. कोणी ‘दोन दिवस नाहीं टोचलें तर काय बिघडतें’ असें म्हणून ती घरींच ठेवतात. आणि कोणी अतिदक्षतेनें ती बर्फांत पुरून नेतात. पहिल्याचें नुकसान केवळ हौसेचें. दुसऱ्याचे, विशेषतः तो बालपणापासूनचा मधुमेही असेल तर, एकदोन दिवसांतच प्राण धोक्यांत येऊं शकतात. तिसरा मात्र आपण सर्वांत शहाणे असें समजत निर्जीव झालेलें औषध टोचीत राहतो. त्याची चूक त्याला किंवा दुसऱ्या कोणालाही दिसत नाहीं, म्हणून आज मी त्याच्याकडेच अधिक लक्ष देणार आहें.

औषधाची मात्रा किती व केव्हां, हें ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनींच ठरवावें. तो मास्तराचा प्रांत नव्हे. उष्णता आणि बाष्पीभवन हा मात्र मास्तराचाच प्रांत आहे, आणि कुपीचें रक्षण बहुतेक त्यावरच अवलंबून आहे.

१९२१ सालीं कॅनडांतील टोरोंटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्शुलिन वेगळें काढलें, आणि जानेवारी १९२२ मध्यें लेनर्ड टॉम्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलास तें प्रथम टोचण्यांत आलें. तत्पूर्वीं ज्या मुलांना हा रोग जडे, तीं फार दिवस जगत नसत. हें इन्शुलिन एक प्रथिन आहे. एकवीस व तीस अशा एकंदर ५१ अमिनो आम्लांच्या दोन सांखळ्या एकमेकींस जोडलेल्या असून त्यांच्या विशिष्ट घड्या पडलेल्या असतात. घडी शाबूत तोंवर औषध शाबूत. अंडें उकडलें म्हणजे त्यांतील पांढरा द्रव घट्ट होतो व निवल्यावर पुन्हा पातळ होत नाहीं, हें आपण रोज पाहतों. तेथेंही प्रथिनाची घडीच मोडलेली असते. इन्शुलिनचें असें एका क्षणांत होत नाहीं. उष्णता किती आणि ती किती वेळ, या दोहोंच्या हिशेबानें त्याची शक्ति हळूहळू उतरते, आणि सतत हिंदकळण्यानें या ऱ्हासास मदतच होते.

थंडीचें तसें नाहीं. इन्शुलिन एकदां गोठलें कीं संपलें. जें इन्शुलिन दुधासारखें गढूळ असतें, त्यांतील सूक्ष्म कण गोठल्यानें एकमेकांस चिकटून गुठळ्या होतात; मग सुईंत कधीं कमी औषध येतें, कधीं जास्त. नितळ इन्शुलिनांतही प्रथिनाचे रेणू एकमेकांत गुंतून निरुपयोगी होतात. आणि खरा घात पुढेंच आहे. बर्फ वितळतो, कुपी पुन्हा द्रवरूप होते, वरून पाहणाऱ्यास ती पूर्वींसारखीच दिसूं शकते. म्हणून गोठलेली कुपी, किंवा गोठली असावी असा नुसता संशय असलेली कुपीही, टाकून द्यावी. तेथें काटकसर करूं नये.

आतां आंकड्यांकडे वळूं. न उघडलेली कुपी २ ते ८ अंश सेंटिग्रेडमध्यें, म्हणजे फ्रिजमध्यें ठेवावयाची, आणि तीही बर्फाच्या कप्प्यापासून दूर. वापरांत काढलेली कुपी २५ किंवा ३० अंशांपर्यंतच्या साध्या हवेंत सुमारे चार आठवडे चालते. ही मुदत सर्व प्रकारांस सारखी नाहीं. कांहीं पेनांस ती अवघी १० दिवस आहे, तर कांहीं नव्या प्रकारांस ५६ दिवस. म्हणून डबीतला बारीक टाइपाचा कागद चष्मा लावून वाचावा, आणि कुपी फ्रिजबाहेर काढल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवावी. तात्पर्य, वापरांतल्या कुपीस थंडगार ठेवण्याची गरजच नाहीं. ती फक्त तापतां कामा नये. हा भेद ध्यानांत आला असतां बर्फाची ओढ आपोआप सुटते.

परंतु आमच्याकडे घरांतली हवाच ३० अंशांच्या पुष्कळ वर जाते, त्याचें काय? याविषयीं दोन प्रयोग सांगण्याजोगे आहेत. पाँडिचेरी येथील जिपमेर या वैद्यकीय संस्थेंतील संशोधकांनीं २००९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, ३२ व ३७ अंशांत २८ दिवस ठेवलेल्या इन्शुलिनची शक्ति शेकडा १४ ते १८ नीं घटलेली आढळली. उलट ‘मेदसँ सां फ्राँतिएर’ ही वैद्यकीय सेवासंस्था व जिनिव्हा विद्यापीठ यांनीं केनियांतील दगाहाले येथील निर्वासितांच्या छावणींत तपमानाची नोंद घेतली. तेथील झोपड्यांत तें रात्रीं २५ व दिवसा ३७ अंशांपर्यंत जाई. तीच चढउतार प्रयोगशाळेंत घडवून चार आठवडे ठेवलेलें इन्शुलिन फ्रिजमधल्या इन्शुलिनइतकेंच सशक्त राहिलें, असें त्यांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केलें. एका प्रयोगांत उष्णता अखंड होती व दुसऱ्यांत रात्रीचा विसांवा होता, हा भेद लक्षांत घेण्यासारखा आहे. माझ्या मतें सामान्य गृहस्थानें या वादाचा निकाल लागण्याची वाट पाहूं नये, कारण ३७ अंशांची हवा २७ वर आणण्याचें साधन त्याच्या स्वयंपाकघरांतच आहे.

तें साधन म्हणजे पाण्याचा माठ. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर पाझरतें व त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची अशी वाफ होण्यास सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती माठाच्या अंगांतूनच काढली जाते. एक ग्रॅम बर्फ वितळतांना अवघ्या ८० कॅलरी शोषतो. म्हणजे वाफ होऊन गेलेला पाण्याचा एक थेंब सात थेंब बर्फाचें काम करतो, आणि तेंही गोठविण्याची भीति न ठेवतां! वैशाखांत हवा ४० अंश व आर्द्रता शेकडा २० असली, तर ओलें फडकें गुंडाळलेला थर्मामीटर २३ अंशांच्या आसपास उतरतो. हीच निवण्याची सीमा. माठ या सीमेपर्यंत पुरता पोंचत नाहीं, पण दोनचार अंशांच्या अंतरावर जाऊन थांबतो. २०१६ सालीं निरनिराळ्या उष्ण देशांतील मातीचीं भांडीं याच हेतूनें तपासण्यांत आलीं, तेव्हां साधीं मडकींही या सीमेच्या जवळपास जातात असें दिसून आलें.

करावयाचें एवढेंच. मोठ्या मडक्यांत लहान मडकें बसवावें, मधल्या फटींत वाळू भरून ती सकाळसंध्याकाळ भिजवावी, कुपी पाणी न शिरणाऱ्या डबींत घालून आंत ठेवावी व वर झांकण घालावें. मडकें सावलींत पण वाऱ्यावर हवें. कोंदट कपाटांत ठेवलेल्या मडक्यास वाफ सोडण्यास जागाच नसते. वीज गेल्यावर फ्रिज बंदच ठेवावा. परंतु ती बराच वेळ येणार नसेल तर वापरांतली कुपी या मडक्यांत निर्धास्त ठेवावी.

मडकें आगगाडींत नेतां येत नाहीं हें खरें. पण पूर्वीं प्रवासी खिडकीबाहेर कॅनव्हासची छागल टांगीत व तींतलें पाणी भर उन्हांत गार राही, हें वडीलधाऱ्या श्रोत्यांस आठवत असेल. तीच युक्ति येथें लागू आहे. घट्ट झांकणाच्या डबींत कुपी घालून भोंवतीं ओला पंचा गुंडाळावा आणि तो सुकूं देऊं नये. औषधांच्या दुकानांत यासाठीं तयार पिशव्याही मिळतात. त्यांतील स्फटिक पाण्यांत फुगतात आणि ती ओल हळूहळू सोडतात. मात्र ही पिशवी पुन्हा प्लास्टिकच्या पिशवींत कोंबून ठेवणें म्हणजे माठावर मेणकापड घालण्यासारखें आहे. दिवसभराच्या प्रवासास रुंद तोंडाचा थर्मासही उत्तम. तो गार पाण्यानें विसळून कोरडा करावा व फ्रिजमधून काढलेली कुपी फडक्यांत गुंडाळून आंत ठेवावी.

आषाढांत हें गणित उलटतें. मुक्ताईनगराहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी सुमारे महिनाभर चालून पंढरपुरास पोंचते. तिचे वारकरी उन्हांत निघतात आणि पावसांत शिरतात. हवा ३२ अंश पण आर्द्रता शेकडा ८० झाली, कीं ओल्या फडक्याचा थर्मामीटर २९ अंशांच्या खालीं उतरतच नाहीं. मग मडकें व पंचा दोन्ही जवळजवळ निरुपयोगी होतात. त्या दिवसांत सुदैवानें हवाच फार तापत नाहीं. कुपी सावलींत, कोरडी व अंगापासून थोडी दूर ठेवली कीं पुरे. महिनाभर चालणाऱ्यानें मात्र एकाच कुपीवर विसंबूं नये, कारण चार आठवड्यांची मुदत वाटेंतच संपते. शिवाय दिवसभराच्या चालीनें रक्तांतील साखर उतरते, आणि उष्णतेनें इन्शुलिन कातडीखालून लवकर रक्तांत मिसळतें. म्हणून खिशांत साखरेची पुडी असलीच पाहिजे, आणि मात्रेविषयीं निघण्यापूर्वींच डॉक्टरांस विचारलें पाहिजे.

वाहनांत कुपी कोठें ठेवूं नये हें सांगणें सोपें आहे. उन्हांत बंद करून उभी केलेली मोटार ही अक्षरशः भट्टी होते. आंतली हवा ५० अंशांच्याही वर जाते. जेवणासाठीं अर्धा तास उतरतांनाही कुपी बरोबर घ्यावी. एस. टी.च्या टपावरची किंवा डिकींतली जागा, इंजिनालगतची जागा, गाडीची उन्हाकडील खिडकी, या सर्व वर्ज्य. मांडीवरची पिशवी सर्वांत चांगली. विमानानें जाणाऱ्यांनीं ती सामानाच्या पोटांत न देतां हातांतच ठेवावी, कारण तेथें ती हरवण्याची व कधींकधीं गोठण्याचीही भीति असते. तपासणीच्या वेळीं दाखविण्यास डॉक्टरांचें पत्र जवळ असावें. आणि शक्य तेथें सांठा दोन पिशव्यांत विभागून दोघांजवळ द्यावा. उतरल्यावर हॉटेलांतील चिमुकल्या फ्रिजवर एकदम भरंवसा टाकूं नये. त्यांतील पाण्याची बाटली सकाळीं गोठलेली निघते कीं नाहीं हें आधीं पाहावें.

टोचण्यापूर्वीं कुपी उजेडांत धरून पाहावी. नितळ जातीचें इन्शुलिन नितळच हवें. गढूळ जातीचें हलक्या हातानें तळव्यांत फिरविल्यावर सारखें पांढरें दिसलें पाहिजे. गुठळ्या, तंतू किंवा कांचेवर बर्फासारखा थर दिसल्यास कुपी बाद. पण नितळ दिसतें म्हणजे चांगलें आहे असें मात्र नव्हे. उतरलेली शक्ति डोळ्यांस दिसत नाहीं. आहार व मात्रा तीच असून साखर कारणावांचून चढूं लागली, तर आधीं कुपीवर संशय घ्यावा व नवी उघडावी. तपासणीच्या पट्ट्या मात्र मडक्यांत किंवा ओल्या पिशवींत ठेवूं नयेत. त्यांस उष्णतेप्रमाणेंच दमटपणाही सोसत नाहीं, आणि मग त्या भलताच आंकडा दाखवितात. त्या त्यांच्याच डबींत, झांकण घट्ट लावून ठेवाव्या.

परदेशीं मुलाबाळांकडे जाणाऱ्यांसाठीं आणखी एक गोष्ट. आपल्याकडील पुष्कळ कुप्यांत एका मिलिलिटरमध्यें ४० एकक औषध असतें व त्यासाठीं लाल टोपणाची सिरिंज मिळते. बाहेरच्या बहुतेक देशांत १०० एककांची कुपी चालते. येथली सिरिंज व तेथली कुपी यांची गांठ पडली, तर त्याच खुणेपर्यंत भरलेल्या औषधांत अडीचपट मात्रा जाते. तेथें कुपी विकत घ्यावी लागलीच, तर सिरिंजही तेथलीच घ्यावी.