परदेशी रोजगार आणि कागदपत्रे, भाग ४ : आखातातला कामाचा परवाना

आखाती देशांत कामाचा परवाना कामगार स्वतः काढत नाही. तो मालक काढतो. सौदी अरेबिया असो वा कुवेत, तिथली कंपनी आधी आपल्या सरकारकडे परदेशी माणूस आणण्याची परवानगी मागते. ती मिळाली की कामगाराच्या नावाने नोकरीचा व्हिसा निघतो. तिकडे पोचल्यावर वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे आणि शेवटी वास्तव्याचे ओळखपत्र. सौदीत त्याला इकामा म्हणतात. कतारने मात्र तपासणी, ठसे आणि करारावरची सही ही कामे मुंबई, हैदराबादसारख्या शहरांतल्या आपल्या व्हिसा केंद्रांतच उरकण्याची सोय केली आहे.

परवाना मालकाच्या नावाशी आणि ठरलेल्या कामाशी बांधलेला असतो. गवंडी म्हणून गेलेला माणूस परवानगीवाचून दुसऱ्याकडे ड्रायव्हर म्हणून राबला, तर तिथल्या कायद्याने तोच दोषी ठरतो. कामगाराला मालकाशी (कफिलाशी) बांधणाऱ्या या कफील पद्धतीने त्याला फार दुबळे करून ठेवले. कतारने २०२० मध्ये जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली, हा त्यातला मोठा बदल.

नांदेड जिल्ह्यातल्या किनवटहून रेल्वेने तेलंगणातले आदिलाबाद गाठता येते. त्यापलीकडच्या निर्मल, निजामाबाद, जगित्याल, करीमनगर या भागांतून कित्येक वर्षे माणसे आखातात जात आहेत. साहजिकच किनवटच्या तरुणाला मुंबईपेक्षा तेलंगणातला एजंट जवळ पडतो. एजंट कुठलाही असो, १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे त्याच्याकडे केंद्र सरकारचा परवाना लागतोच. गावोगाव फिरणाऱ्या मध्यस्थाकडे बहुधा तो नसतो.

दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ असा शेरा असतो. असा पासपोर्ट घेऊन आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जायचे, तर उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. अशी कार्यालये मुंबईत आणि हैदराबादेत आहेत. अर्ज ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावरून होतो. करारातला पगार आणि काम तिथे नोंदले जाते. प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा अपघात विमाही याच टप्प्यावर काढावा लागतो.

ही मंजुरी टाळण्यासाठी काही एजंट व्हिजिट व्हिसावर माणूस पाठवतात आणि ‘तिकडे गेल्यावर बदलून देऊ’ म्हणतात. या वाटेने गेलेल्याची नोंद ई-मायग्रेटवर राहत नाही, हातात नोंदलेला करार नसतो. पगार अडला, तर दूतावासाकडे दाखवायलाही त्याच्यापाशी कागद उरत नाही.

पैशाचा व्यवहारही उलटा आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम आधी उचल देतो. आखाताला जाणारा मात्र आधी स्वतःच पैसे मोजतो, पुष्कळदा शेत गहाण टाकून. नियमाने परवानाधारक एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच घेता येतात, तेही पावती देऊन. एजंटाचा परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर कुणालाही फुकट तपासता येतो. तो तपासल्याशिवाय कुणीही पासपोर्ट किंवा पैसा हातचा सोडू नये.