नववं सर्किट फोडायचं का? एका विधेयकातून शिकूया 'छेद' तपासायला

'प्रॉब्लेम स्टेटमेंट'ची व्याख्या आपल्याला पाठ असते. पण खऱ्या वादात ते तपासायचं कसं? आज विज्ञानाबाहेरचं एक उदाहरण बघूया.

आधी पार्श्वभूमी

अमेरिकेत जिल्हा न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या मध्ये 13 फेडरल अपील न्यायालयं आहेत. त्यांना 'सर्किट' म्हणतात. त्यातलं नववं सर्वांत मोठं: कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, अलास्का, हवाईसह 9 राज्यं, शिवाय ग्वाम आणि नॉर्दर्न मारियाना बेटं. न्यायमूर्तींची मंजूर पदं 29. पहिल्या सर्किटमध्ये हीच संख्या फक्त 6 आहे. देशाची साधारण एक पंचमांश लोकसंख्या नवव्यात राहते. बे एरिया किंवा सिएटलमधल्या मराठी माणसाचं फेडरल अपीलही सहसा इथेच येतं.

हे सर्किट फोडायची विधेयकं अनेकदा आली. 2017 मध्ये ॲरिझोनाचे सिनेटर जेफ फ्लेक आणि जॉन मॅकेन यांनी नवं बारावं सर्किट सुचवलं, पण त्याचा कायदा झाला नाही. समर्थकांचे मुख्य दावे तीन. एकेक तपासूया.

दावा 1: इथले निकाल फार वेळा फिरवले जातात

इथे छेद कोणता, हे आधी विचारा. सर्वोच्च न्यायालय बहुतेक प्रकरणं स्वतः निवडून घेतं, आणि घेतलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त निकाल फिरवतं, मग ती कुठूनही आलेली असोत. म्हणजे हे रँडम सॅम्पल नाहीच!

समजा, 'अ' न्यायालयात 10,000 प्रकरणं आली, वर 15 गेली, 12 फिरली: 80 टक्के. 'ब'मध्ये 1,000 आली, 3 गेली, 2 फिरली: 67 टक्के. 'अ' वाईट वाटतं ना? आता छेद बदला. एकूण प्रकरणांत 'अ' 0.12 टक्के, 'ब' 0.2 टक्के. क्रमच उलटला. यालाच सिलेक्शन बायस म्हणतात.

दावा 2: न्यायमूर्ती जास्त, म्हणून निकालांत विसंगती

हा दावा जास्त वजनदार आहे. अपील तिघांचं खंडपीठ ऐकतं. 6 जणांतून तिघांचे 20 वेगवेगळे गट होतात, तर 29 जणांतून 3,654! इतर सर्किटांत महत्त्वाच्या फेरविचाराला साधारणपणे सगळे न्यायमूर्ती बसतात. नवव्यात मात्र 11 जणच बसतात: मुख्य न्यायमूर्ती आणि चिठ्ठीने निवडलेले 10.

सर्किट 15 आणि 14 असं विभागलं तर गट होतील 455 आणि 364. प्रत्येक न्यायालयातली विसंगती कमी होऊ शकते. पण दोन न्यायालयांचं एकमेकांशी पटलं नाही, तर तो वाद मिटवायला फक्त सर्वोच्च न्यायालय उरतं. म्हणजे विसंगती संपली, की नुसती जागा बदलली?

दावा 3: निकालाला उशीर होतो

इथे बराच काळ देशाच्या मानाने जास्त वेळ लागत आलाय, हे खरं. आश्रय मागणाऱ्या माणसासाठी तो वेळ म्हणजे अधांतरी आयुष्य. पण निम्म्याहून जास्त काम एकट्या कॅलिफोर्नियातून येतं. 2017 च्या प्रस्तावात कॅलिफोर्निया जुन्याच सर्किटमध्ये होता, आणि तो फोडला तर एकाच राज्याच्या कायद्याचे दोन अर्थ निघायची भीती. तेव्हा उपाय सीमा बदलणं, की न्यायमूर्ती वाढवणं?

मग विभाजन कधीच करू नये का?

तसं नाही. 1980 च्या कायद्याने पाचवं सर्किट फोडून अकरावं झालं. तिथे न्यायमूर्तींनीच मागणी केली होती. नवव्यात मात्र बहुतेक न्यायमूर्ती विरोधात राहिलेत. 1998 मध्ये व्हाइट आयोगाने मधला मार्ग सुचवला: सर्किट एकच ठेवा, आत तीन विभाग करा. तोही अमलात आला नाही.

तुमच्या प्रपोजलला हेच तीन प्रश्न लावून बघा: आकड्याचा छेद काय? सॅम्पल कुणी निवडलं? आणि सुचवलेला उपाय नेमक्या त्याच कारणावर काम करतो का? तिसऱ्या प्रश्नावर अडलात, तर गाईडकडे जाण्याआधी प्रॉब्लेम स्टेटमेंट पुन्हा लिहा.